विश्लेषण : ‘डोपामिन डिटॉक्स’ने मेंदू खरेच रिसेट होतो? प्रयोगशाळेतील उंदीर काय सांगतात?

‘सात दिवस फोन, गोड आणि गेम बंद. डोपामिन रिसेट!’ अशा आशयाची एखादी तरी रील रोजच्या स्क्रोलिंगमध्ये समोर येतेच. मागे कळ दाबत सुटलेल्या उंदराचे ॲनिमेशन, पुढे आत्मविश्वासाने बोलणारा इन्फ्लुएन्सर आणि खाली कमेंटमध्ये आपापल्या ‘स्ट्रीक’चे आकडे. गंमत म्हणजे हा सल्लाही फोनवरच पाहिला जातो.

या सल्ल्यामागे एक साधी समजूत आहे. मेंदूत डोपामिनची जणू एक टाकी आहे, फोनमुळे ती सारखी उपसली जाते आणि आठवडाभर नळ बंद ठेवला की ती पुन्हा भरते. उंदीर, घुशीसारखे दिसणारे प्रेअरी व्होल आणि माकडे यांच्यावर गेली ६०-७० वर्षे झालेले प्रयोग मात्र वेगळेच चित्र दाखवतात. प्राणी काय करेल हे डोपामिन किती आहे एवढ्यावर ठरत नाही. ते कोणत्या पेशीवरच्या कोणत्या रिसेप्टरला जाऊन चिकटले, यावर बरेच काही अवलंबून असते. हा फरक फक्त पाठ्यपुस्तकापुरता नाही. ॲसिडिटीच्या गोळीपासून पार्किन्सनच्या औषधापर्यंत अनेक घरांतल्या औषधांच्या डब्यापर्यंत तो पोहोचलेला आहे.

डोपामिनची गोष्ट सुरू कुठे झाली?

रीलमधला तो कळ दाबणारा उंदीर १९५४ मधला. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. कळ दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा सौम्य झटका मिळे आणि उंदीर तो मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा कळ दाबत. आज हा प्रयोग ‘डोपामिनचा प्रयोग’ म्हणून फिरतो. पण त्यात डोपामिन मोजलेच गेले नव्हते. त्या काळी डोपामिन हा नॉरॲड्रेनॅलिन तयार होतानाचा केवळ एक मधला टप्पा समजला जात होता.

ही समजूत मोडली सशांनी. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन हे औषध दिले. ससे कान पाडून, हलायचे बंद होऊन बसले. मग त्यांना एल-डोपा टोचले, ज्यापासून शरीरात डोपामिन तयार होते. काही मिनिटांत ससे उठून हिंडू लागले. डोपामिन स्वतःच हालचालीसाठी आवश्यक आहे, हे त्यातून पुढे आले. पार्किन्सनच्या उपचाराचा पाया इथे घातला गेला आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळाले.

यातले रेसरपिन आले कुठून? आपल्याकडच्या सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळातून. स्विस कंपनी सीबाच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये ते वेगळे काढले. त्याआधी, १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला होता आणि त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांचे या मुळीकडे लक्ष वेधले गेले. स्वीडनमधल्या त्या सशांच्या गोष्टीचा एक धागा असा परळपर्यंत येतो.

रिसेप्टर म्हणजे काय आणि ते पाच कशाला?

दादर स्टेशनवर घोषणा होते: ठाण्याकडे जाणारी जलद लोकल अमुक फलाटावर येत आहे. घोषणा एकच. ती ऐकून काही जण जिन्याकडे धावत सुटतात, काही जागचे हलतही नाहीत. कोण काय करेल हे घोषणेत नसते, ऐकणाऱ्याला कुठे जायचे आहे त्यावर ते ठरते. डोपामिन ही घोषणा समजली, तर रिसेप्टर हा ऐकणाऱ्याचा कान. पेशीच्या पृष्ठभागावरचे हे प्रथिन असते. डोपामिन त्यात बसले की पेशीच्या आत पुढची साखळी सुरू होते.

हे कान एकाच प्रकारचे नाहीत, असे १९७९ मध्ये केबाबियन आणि कॅल्न यांनी मांडले. पुढे जनुके सापडत गेली. १९८८ मध्ये डी-२, १९९० मध्ये डी-१ आणि डी-३, १९९१ मध्ये डी-४ आणि डी-५. या पाचांचे दोन घरांत वाटप होते. डी-१ आणि डी-५ एका घरातले. ते पेशीत सायक्लिक एएमपी नावाच्या निरोप्या रेणूचे प्रमाण वाढवतात. डी-२, डी-३ आणि डी-४ दुसऱ्या घरातले, ते हे प्रमाण कमी करतात. म्हणजे तेच डोपामिन एका पेशीचा वेग वाढवते आणि शेजारच्या पेशीला ब्रेक लावते. ‘डोपामिन वाढले’ या वाक्याला नुसताच फारसा अर्थ का उरत नाही, ते इथे कळते.

पाचांपैकी डी-५ बद्दल सर्वांत कमी माहिती आहे. डी-१ आणि डी-५ इतके सारखे आहेत, की एकाला चिकटणारे औषध बहुधा दुसऱ्यालाही चिकटते.

एकेक रिसेप्टर काढून टाकला तर उंदीर कसा वागतो?

१९९०च्या दशकात उंदराचे एखादेच जनुक निकामी करण्याचे तंत्र हाती आले. आधी एक खुलासा. मराठीत आपण सरसकट उंदीर म्हणतो, पण प्रयोगशाळेत दोन वेगळे प्राणी असतात: छोटा माउस आणि मोठा रॅट. जनुकांचे प्रयोग बहुतांश माउसवर झाले, कारण त्याची जनुके बदलणे सोपे होते.

आधी टोकाचा प्रयोग. अमेरिकेत रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेने १९९५ मध्ये डोपामिन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले. ही पिल्ले जन्मली ठीक, पण काही आठवड्यांत खाणे-पिणे थांबवून उपासमारीने मरू लागली. एल-डोपा टोचले की ती उठून खायची आणि औषधाचा अंमल उतरला की पुन्हा थांबायची. मनोरंजन सोडाच, समोरच्या अन्नाकडे जाण्यासाठीही डोपामिन लागते. ‘डोपामिन उपवास’ हा शब्दप्रयोग शब्दशः घेतला, तर त्याचा अर्थ असा होतो.

डी-१ नसलेले उंदीर १९९४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी तयार केले. एका गटाच्या उंदरांची वाढ खुरटली आणि आईचे दूध सुटल्यावर ओलसर, मऊ अन्न हाताशी ठेवले नाही तर ते दगावत. दुसऱ्या गटाचे उंदीर नेहमीपेक्षा जास्त पळापळ करत. मात्र कोकेन दिल्यावर साधा उंदीर जसा सैरावैरा धावू लागतो, तसे त्यांचे झाले नाही. कोकेनचा तो परिणाम डी-१ मार्फत होतो, हा त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष.

डी-२ नसलेल्या उंदरांचे वर्णन १९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. ते मंद, अडखळणारे होते, पार्किन्सनच्या रुग्णाची आठवण यावी असे. पण तीन वर्षांनी दुसऱ्या एका गटाने दाखवून दिले, की या मंदपणातला काही भाग उंदराच्या मूळ वाणामुळेही असतो. तेच जनुक वेगळ्या वाणाच्या उंदरात काढले तर हालचाल इतकी बिघडत नाही. ही दुरुस्ती रीलमध्ये कधीच दिसत नाही, पण या क्षेत्रात तिचे वजन मूळ शोधाइतकेच आहे.

डी-३ काढलेले उंदीर मोकळ्या जागेत जास्त हिंडले. डी-४ काढलेले उलट कमी हिंडले आणि नवी वस्तू समोर ठेवली तरी तिच्याजवळ जायला फारसे उत्सुक नव्हते. मात्र दारू, कोकेन आणि मेथाम्फेटामिनला ते साध्या उंदरांपेक्षा जास्त प्रतिसाद देत. पाच रिसेप्टरपैकी एकाच्याही नावापुढे ‘आनंद’ असे लिहिता येईल, असा निकाल यातून आला नाही.

या प्रयोगांची एक मोठी मर्यादा आहे. जनुक जन्माआधीपासून नसेल तर वाढणारा मेंदू त्या उणिवेभोवती स्वतःला जुळवून घेतो. दिसणारे वागणे रिसेप्टर नसल्याचे की त्या जुळवाजुळवीचे, हे सांगणे कठीण होते.

प्रकाश टाकला आणि उंदीर थबकला?

या अडचणीवर उत्तर २०१० मध्ये आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमधील ॲलेक्साय क्रेव्हिट्झ, ॲनातोल क्राइट्झर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात ठरावीक पेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन बसवले. स्ट्रायटममधल्या बहुसंख्य पेशी दोन प्रकारच्या असतात. एकींवर डी-१ जास्त, दुसरींवर डी-२ जास्त. बारीक फायबरमधून निळा प्रकाश सोडला आणि डी-१ च्या पेशी चेतवल्या, की उंदीर पळू लागे. डी-२ च्या पेशी चेतवल्या, की तो थबके, गोठल्यासारखा उभा राही. पार्किन्सनसारखी अवस्था निर्माण केलेल्या उंदरांतही डी-१ च्या पेशी चेतवल्यावर हालचाल परतली.

इथे गल्लत होऊ नये. प्रकाशाने पेशी चेतवली होती, तिच्यावरचा रिसेप्टर नव्हे. डोपामिन डी-२ वर बसते तेव्हा ती ‘थांब’वाली पेशी शांत होते, म्हणजे ब्रेकवरचा पाय उठतो. डी-१ वर बसते तेव्हा ॲक्सिलरेटर दाबला जातो. दोन्हींचा परिणाम हालचालीकडेच जातो, पण वेगवेगळ्या वाटांनी. पार्किन्सनमध्ये डोपामिन घटले की एकाच वेळी ॲक्सिलरेटर सैल होतो आणि ब्रेक घट्ट.

दोन वर्षांनी याच गटाने पुढचा प्रश्न विचारला. एका जागी स्पर्श केला की प्रकाश लागेल, अशी सोय उंदराला दिली. डी-१ च्या पेशी चेतणार असतील तर उंदीर पुन्हा पुन्हा त्या जागी जाई. डी-२ च्या पेशी चेतणार असतील तर ती जागा टाळू लागे.

चित्र इतके स्वच्छ राहिले असते तर बरे झाले असते. २०१३ मध्ये दुसऱ्या एका गटाने मोकळेपणी फिरणाऱ्या उंदरांत या पेशींचे काम प्रत्यक्ष मोजले, तेव्हा हालचाल सुरू होताना दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच वेळी जाग्या झालेल्या दिसल्या. बहुधा एक गट हवी ती हालचाल पुढे नेतो आणि दुसरा त्याच क्षणी नको त्या हालचाली दाबून ठेवतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ॲक्सिलरेटर आणि ब्रेकची उपमा समजायला सोपी आहे, पण खरी गाडी दोन्ही पाय वापरून चालते.

जोडीदारावर प्रेम डी-२ चे आणि परक्यावर हल्ला डी-१ चा?

या साऱ्या संशोधनातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट आहे प्रेअरी व्होलची. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला हा छोटा, उंदरासारखा प्राणी. सस्तन प्राण्यांत क्वचित दिसणारी सवय त्याला आहे: तो जोडी जमवतो आणि सहसा ती टिकवतो. नर-मादी मिळून पिल्ले वाढवतात.

ही जोडी जमते कशी, याचा शोध फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील झुओशिन वांग यांच्या गटाने घेतला. मेंदूतला न्यूक्लियस अक्युम्बन्स हा भाग त्यांनी तपासला. तिथले डी-२ रिसेप्टर औषधाने चेतवले, तर समागम न होताही नराला सोबतची मादी इतर मादींपेक्षा जवळची वाटू लागली. डी-१ चेतवले, तर जवळीक जमेचना. एकच भाग, तेच डोपामिन आणि दोन रिसेप्टरचे नेमके उलट परिणाम.

पुढचा भाग अधिक रंजक आहे. जोडी जमून दोन आठवडे झालेल्या नरांच्या मेंदूत या भागातले डी-१ रिसेप्टर वाढलेले आढळले. असा नर अनोळखी मादी समोर आली तर तिच्यावर धावून जातो. डी-१ अडवणारे औषध दिले तेव्हा हा हल्ला ओसरला. म्हणजे जोडी बांधण्यात डी-२ पुढे असतो आणि बांधलेली जोडी जपण्यात, दुसऱ्या नात्याला दार बंद करण्यात, डी-१ चा हात असतो. रिसेप्टर वागणे घडवतात आणि प्राण्याच्या आयुष्यातला अनुभव रिसेप्टरची संख्या बदलतो, हे दोन्ही या एका प्रयोगमालिकेत दिसले. २००६ मध्ये हे निष्कर्ष ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या लग्नांना ते जसेच्या तसे लावण्याचा मोह अर्थातच समाजमाध्यमांना आवरलेला नाही.

मग डी-२ कमी झाले की व्यसन लागते का?

‘डिटॉक्स’वाल्यांचा सगळ्यात मजबूत आधार इथे आहे, त्यामुळे तो नीट पाहायला हवा. अमेरिकेतील नोरा वोल्को आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात कोकेनचे व्यसन असलेल्या माणसांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. त्यांच्या स्ट्रायटममध्ये डी-२ रिसेप्टर कमी उपलब्ध दिसले. प्रश्न असा उरला, की व्यसनाने ते कमी झाले की आधीच कमी असलेल्यांना व्यसन लागले? माणसांना मुद्दाम व्यसन लावून हे तपासता येत नाही. म्हणून प्राणी.

उत्तर आले ते दोन्ही बाजूंनी. केंब्रिजमध्ये २००७ साली असे रॅट निवडले, जे संकेत येण्याआधीच उतावीळपणे प्रतिसाद देत. त्यांना कोकेन कधीही मिळालेले नव्हते, तरी स्ट्रायटमच्या खालच्या भागात डी-२ आणि डी-३ रिसेप्टर कमी होते. पुढे संधी मिळाल्यावर हेच रॅट जास्त कोकेन घेऊ लागले. म्हणजे कमतरता आधीची.

फ्लोरिडातील स्क्रिप्स संस्थेत पॉल जॉन्सन आणि पॉल केनी यांनी रॅटना बेकन, सॉसेज, चीजकेक, चॉकलेट असा खाऊ दिवसाचे बहुतेक तास मोकळा सोडला. रॅट लठ्ठ झाले, त्यांच्या स्ट्रायटममधले डी-२ घटले आणि पायाला विजेचा धक्का बसणार असल्याचा इशारा देणारा दिवा लागला तरी ते खात राहिले. विषाणूच्या मदतीने डी-२ आधीच कमी केले, तर ही अवस्था आणखी लवकर आली. म्हणजे कमतरता नंतरचीही. २०१० मधल्या या प्रयोगातला एक तपशील डिटॉक्सच्या संदर्भात मोलाचा आहे. खाऊ काढून घेतल्यावर दोन आठवडे उलटले, तरी या रॅटच्या मेंदूतली बक्षिसाची संवेदनक्षमता पूर्ववत झालेली नव्हती. रीलमधली मुदत सात दिवसांची असते.

माकडांनी तिसरीच बाजू दाखवली. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठात मॅकाक माकडांना आधी दीड वर्ष एकेकटे ठेवले, मग चार-चारच्या टोळीत. टोळीत वरचढ ठरलेल्या माकडांच्या मेंदूत डी-२ ची उपलब्धता २० टक्क्यांहून अधिक वाढली. दबून राहिलेल्यांत ती वाढली नाही. कोकेन मिळवण्याची सोय दिल्यावर दबलेल्या माकडांनी ते जास्त घेतले. एकटे असताना या माकडांच्या डी-२ मध्ये फरक नव्हता. तो त्यांना मिळालेल्या जागेमुळे, दर्जामुळे पडला. व्यसनाची चर्चा फक्त इच्छाशक्तीपुरती ठेवणाऱ्यांनी २००२ चा हा प्रयोग जरूर वाचावा.

मग डी-२ जितके जास्त तितके चांगले? तसेही नाही. नोबेलविजेते एरिक कँडेल यांच्या गटाने २००६ मध्ये स्ट्रायटममध्ये मुद्दाम जास्त डी-२ असलेले उंदीर तयार केले. त्यांची कामापुरती स्मरणशक्ती कमजोर निघाली आणि पुढच्या प्रयोगांत बक्षिसासाठी कष्ट करण्याची त्यांची तयारीही कमी दिसली. जादा डी-२ नंतर बंद केल्यावर मेहनतीची तयारी परतली, स्मरणशक्ती मात्र परतली नाही.

याचा फोनशी संबंध किती?

थोडा. दक्षिण कोरियात २०११ मध्ये इंटरनेटचे व्यसन असलेल्यांच्या स्ट्रायटममध्ये डी-२ कमी आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो सतत उद्धृत होतो. त्यात व्यसन असलेले पुरुष होते पाच. पाच जणांवरून कोट्यवधी मोबाइलधारकांचे निदान करता येत नाही आणि आधी काय, नंतर काय हा प्रश्न तिथेही सुटलेला नव्हता.

‘डोपामिन म्हणजे आनंद’ हे समीकरणही प्राण्यांच्या प्रयोगांत टिकलेले नाही. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी रॅटच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ संपवले. जिभेवर साखरेचे पाणी सोडले, की हे रॅट पूर्वीसारखेच मिटक्या मारत. गोड आवडत होते, पण ते मिळवायला जाण्याची ओढ संपली होती. ‘आवडणे’ आणि ‘हवेसे वाटणे’ हे वेगळे, हा फरक या प्रयोगांतून रुजला. रात्री दोनला कंटाळा येऊनही बोट स्क्रीनवर सरकत राहते, त्या अनुभवाशी हा फरक बराच जुळतो.

‘डोपामिन फास्टिंग’ २०१९ मध्ये लोकप्रिय करणारे कॅलिफोर्नियातील मानसतज्ज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीही हे नाव शब्दशः घेऊ नये असे स्पष्ट केले होते. त्यांचा मूळ सल्ला सवयींवर नियंत्रण आणण्याच्या परिचित वर्तन-उपचाराचा होता. फोन बाजूला ठेवून झोप सुधारली, अभ्यास झाला, घरच्यांशी बोलणे झाले, तर फायदा खराच आहे. त्याला रिसेप्टरचा दाखला जोडण्याची गरज नाही.

औषधांच्या डब्यात हे रिसेप्टर कुठे आहेत?

रिसेप्टरचा विषय खऱ्या अर्थाने गंभीर होतो तो इथे. स्किझोफ्रेनियावरच्या जुन्या औषधांची ताकद आणि ती डी-२ ला किती घट्ट चिकटतात यांचा थेट संबंध १९७०च्या दशकातच दिसला होता. भास, संशय ही लक्षणे त्यांनी आटोक्यात येतात, पण डी-२ फार अडवले गेले तर अंग आखडणे, थरथर, मंदपणा येतो. डी-२ नसलेल्या त्या उंदरांसारखाच.

उलटी आणि ॲसिडिटीवरची काही औषधेही डी-२ अडवतात. पँटोप्रॅझोलसारख्या गोळीसोबत येणारे डॉम्पेरिडोन त्यातलेच. ते मेंदूत फारसे शिरत नाही म्हणून हालचालींवर सहसा परिणाम करत नाही. मेटोक्लोप्रमाइड आणि लेव्होसल्पिराइड मात्र मेंदूपर्यंत पोहोचतात. पोटाच्या तक्रारींसाठी लेव्होसल्पिराइड भारतात सर्रास लिहून दिले जाते आणि महिनोन्महिने घेतल्यास, विशेषतः ज्येष्ठांमध्ये, पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू शकतात. आजोबांचा हात अचानक थरथरू लागला, चाल मंदावली, तर डॉक्टरांना सध्याच्या सगळ्या गोळ्यांची, ‘गॅसच्या’ गोळीसकट, यादी दाखवणे शहाणपणाचे. मानसिक आजाराच्या गोळ्या मात्र कुठल्याही रीलवरून परस्पर बंद करू नयेत. आजार उलटण्याचा धोका त्यात मोठा असतो.

उलट दिशेचे उदाहरण प्रामिपेक्सॉलचे. पार्किन्सनमध्ये ते डी-२ आणि त्याहून अधिक डी-३ ला चेतवते. उत्तर अमेरिकेतील ३,०९० पार्किन्सन रुग्णांच्या २०१० मधील अभ्यासात अशा वर्गातली औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के जणांत जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणे किंवा अनावर लैंगिक वर्तन आढळले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.९ टक्के होते. प्रामिपेक्सॉल दिलेले रॅटही लहान पण हमखास बक्षीस सोडून मोठ्या पण बेभरवशाच्या बक्षिसाकडे वळतात. आयुष्यभर काटकसर केलेला माणूस साठीनंतर अचानक सट्टा लावू लागला, तर घरचे त्याला बोल लावतात. औषधाचा संशय क्वचितच कुणाला येतो. डॉक्टरांनी डोस कमी केला किंवा औषध बदलले, की हे वागणे बऱ्याचदा ओसरते.

नव्या औषधांची धडपड याच अनुभवातून आलेली आहे. टॅव्हापाडॉन हे पार्किन्सनवरचे नवे औषध डी-२, डी-३ ला बगल देऊन डी-१ आणि डी-५ ला अंशतः चेतवते. २०२४ मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निकाल अनुकूल आले. स्किझोफ्रेनियात तर थेट डोपामिन रिसेप्टर सोडून जाण्याचा मार्ग निघाला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेले कोबेन्फी डी-२ ला न चिकटता मस्करिनिक रिसेप्टरवर काम करते. पण याच वाटेवरचे एमराक्लिडिन हे औषध त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाचणीत अपयशी ठरले. ॲबव्ही कंपनीने टॅव्हापाडॉन आणि एमराक्लिडिन दोन्ही एकाच व्यवहारात, सेरेव्हेल ही कंपनी ८७० कोटी डॉलरला घेऊन मिळवली होती. प्राण्यांत आशादायक दिसलेले औषध माणसांत चालेलच याची हमी नसते, हे गुंतवणूकदारांना त्या एका दिवसात कळले.

उंदरांची गरज पुढेही राहणार का?

उंदीर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, याचे डी-४ हे बोलके उदाहरण आहे. माणसाच्या डी-४ च्या जनुकात एक तुकडा कमी-जास्त वेळा पुन्हा पुन्हा येतो. त्यातल्या सात वेळा येणाऱ्या प्रकाराला १९९६ पासून ‘साहसाचे जनुक’ म्हणून प्रसिद्धी मिळाली आणि आजही ‘भटकंती तुमच्या जनुकात आहे’ असे सांगणाऱ्या ट्रॅव्हल पोस्ट फिरतात. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत हा संबंध फार क्षीण ठरला. साध्या उंदरात तर हा बदलता तुकडाच नसतो. तो अभ्यासण्यासाठी माणसाचा तुकडा उंदरात घालावा लागतो.

दरम्यान, प्राण्यांवरील चाचण्या कमी करण्याचा दबाव वाढतो आहे. भारताने मार्च २०२३ मध्ये औषध चाचणीच्या नियमांत बदल करून पेशी, अवयव-चिप, संगणकीय प्रारूपे अशा पर्यायांना वाट दिली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मोनोक्लोनल अँटिबॉडी आणि इतर काही औषधांसाठी प्राण्यांच्या चाचण्यांची अट टप्प्याटप्प्याने सैल करण्याची घोषणा केली. एखादा रेणू डी-२ ला चिकटतो की डी-३ ला, हे आजही प्राण्याविना, काचेच्या बशीतल्या पेशींवर तपासता येते. तो रेणू दिल्यावर प्राणी पळतो, थबकतो, की जोडीदार सोडतो, हे बशीत दिसत नाही. त्यामुळे वर्तनाशी संबंधित संशोधनात प्राण्यांचा वापर तूर्त तरी सुरू आहे. भारतात त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. या कामावर केंद्राच्या सीसीएसईए या समितीची देखरेख असते आणि किती प्राणी वापरणार व ते का, हे प्रयोग सुरू होण्याआधी लेखी मांडावे लागते.